ऋषिकेशचं राफ्टिंग: कोलाड करून झालंय आणि आता गंगेत उतरायचंय अशांसाठी

गंगेवरच्या मरीन ड्राइव्हपासून खाली ऋषिकेशजवळच्या नीम बीचपर्यंत, साधारण २४-२५ किलोमीटर, माणशी १५०० रुपये, होळीनंतरचा मार्च, राफ्टमध्ये आम्ही घरचे सहा आणि दिल्लीचं एक जोडपं. एवढं आधी सांगून टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय, कारण जायच्या आधी मी मराठीत शोधत होते तर सगळीकडे "खूप मज्जा आली, मस्ट डू" याच्या पुढे कोणी काही सांगतच नव्हतं. मला वेगळंच पाहिजे होतं. पोहता न येणाऱ्या बाईला (आमची नणंद, वय ५२) न्यावं का, कोलाडला केलंय तेवढा अनुभव पुरतो का, आणि तपोवनात (ऋषिकेशचा राफ्टिंगच्या दुकानांचा भाग) एकाच टप्प्याचे चार दुकानं चार रेट सांगतात तर फरक नक्की कशाचा.

रायगडातल्या, कुंडलिका नदीवरच्या कोलाडचं आधी सांगते कारण आपल्याकडच्या बहुतेकांनी तेच केलेलं असतं. कुंडलिकेत राफ्टिंगचं पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातनं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरनं खाली आणायचं, त्यावर टाटांनी वीज काढायची आणि झालेलं पाणी खाली नदीत सोडायचं, म्हणून तिथे सगळा कारभार सकाळचा, पाणी सुटलं की पळा, आणि दुपारी त्याच नदीत ठिकठिकाणी गोटे वर आलेले दिसतात. बारा-चौदा किलोमीटर, ग्रेड (अवघडपणाची पायरी, एक ते सहा) दोन-तीन, दोन्ही बाजूला झाडी, आणि पाणी अंगावर उडालं तर बरं वाटतं. मला कोलाड आवडतं, पहिल्यांदा करणाऱ्याने तिथेच करावं असं अजूनही म्हणेन. पण "आम्ही कोलाड केलंय" एवढ्या भांडवलावर ऋषिकेशला जाऊन सगळं माहितीये अशा थाटात बसलात तर पहिल्या मोठ्या रॅपिडलाच, म्हणजे खळाळत्या उसळत्या पाण्याच्या पट्ट्यालाच, कळतं.

गंगा म्हणजे देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येऊन झालेली नदी, तिथून ती ऋषिकेशपर्यंत डोंगरातल्या घळीतनं येते. पाणी खोल, हिरवंगार, आणि गार म्हणजे हात घातला की बोटं दुखतात. वर भागीरथीवर टिहरीचं धरण आहे, २६० मीटर उंचीचं, त्यामुळे तिथनं किती पाणी सोडलंय त्यावर खाली नदी दिवसातसुद्धा वरखाली होते. आमचा गाइड उतरायच्या आधी काठावरच्या एका खडकाकडे बराच वेळ बघत उभा होता, मला वाटलं फोनची रेंज शोधतोय, तर तो पाण्याची खूण बघत होता. पाणी वाढलं की काही रॅपिड बुडून सपाट होतात आणि काही दुप्पट होतात, त्यामुळे एखादा रॅपिड "सोपा" की "अवघड" हे कोणी वर्षभरापूर्वीच्या व्हिडिओवरनं सांगत असेल तर फार मनावर घेऊ नका.

टप्पे असे, सगळे खाली ऋषिकेशला संपतात. ब्रह्मपुरीहून ९ किलोमीटर, शिवपुरीहून १६, मरीन ड्राइव्हहून आमचा, आणि कौडियालाहून ३६ च्या आसपास. ब्रह्मपुरी म्हणजे पाण्यात बसून आल्याचं समाधान. शिवपुरी सगळ्यात जास्त खपतं, कारण नावाजलेले रॅपिड, रिटर्न टू सेंडर, रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स, हे सगळे शिवपुरीच्या खालीच आहेत. मग मरीन ड्राइव्ह कशाला? (मुंबईवाल्यांनी हसून घ्या एकदा.) तर त्याचं खरं उत्तर असं की वरच्या पट्ट्यात थ्री ब्लाइंड माइस, क्रॉसफायर वगैरे रॅपिड मिळतात तेवढ्यात राफ्टमधल्या आठ जणांचा हात एकत्र चालायला लागतो. शिवपुरीहून बसलात तर वल्हं कसं धरायचं ते कळेपर्यंत रोलर कोस्टर समोर येतो. जास्तीचे चार-पाचशे रुपये या सरावाचे समजा, आणि माझ्या मते पूर्ण ट्रिपमधले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे तेच.

आता कंपनी. तपोवनात दर दहा पावलांवर राफ्टिंगचा बोर्ड आहे, चहावालासुद्धा बुकिंग घेतो. पहिल्या दुकानात मी विचारलं की तुमचा रेट शेजारच्यापेक्षा कमी कसा, तर म्हणाला मॅडम सब सेम है, पानी तो वही है. बरोबर आहे, पाणी तेच असतं. म्हणूनच तर बाकीचं बघायचं. आम्ही चार गोष्टी विचारल्या: एका राफ्टमध्ये गाइड सोडून किती जण (आठच्या वर सांगितलं की उठायचं), सोबत सेफ्टी कयाक (पाण्यात पडलेल्याला गाठायला बरोबर चालणारी एकट्याची छोटी होडी) आहे का, लाइफ जॅकेट हातात घेऊन बघू देता का, आणि काठावर शिकवणार किती वेळ. शेवटच्या प्रश्नावर दोन ठिकाणी हसले. तिसऱ्या ठिकाणी माणसाने सरळ सांगितलं की अर्धा तास शिकवतो, आणि ज्यांना कंटाळा येतो ते दुसरीकडे जातात. तिथेच पैसे भरले, बाकीच्यांपेक्षा तीनशे जास्त. नाव इथे लिहीत नाही कारण गाइड सीझनप्रमाणे या कंपनीतून त्या कंपनीत जात असतात, तुम्हाला तोच मिळेल याची खात्री नाही, आणि तुम्हाला माणूस बघायचाय, बोर्ड नाही.

जॅकेट कसं तपासायचं ते सांगते कारण हे कोणी सांगत नाही. बकल सगळी लागतायत का, फोम दाबला तर चेपून तसाच राहतो का परत वर येतो, आणि घातल्यावर दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायचं, जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर सैल आहे. काष्टा घालताना ओढतात तसं ओढून बांधलं पाहिजे, जरा जास्तच घट्ट वाटलं तरी चालेल. नणंदेचं जॅकेट मोठं होतं, पहिल्या ओढीत कानापर्यंत आलं. गाइडने न सांगता स्वतःहून बदलून दिलं आणि म्हणाला, "माताजी, यह ठीक रहेगा." माताजी म्हटल्यावर तिचा जो चेहरा झाला. बावन्न म्हणजे काय माताजी वय आहे का, असं ती मला संध्याकाळपर्यंत विचारत होती. पुढे तो दीदी म्हणायला लागला, कोणी सांगितलं माहीत नाही.

शिकवणं खरंच अर्धा तास चाललं. पाय कुठे अडकवायचे: राफ्टच्या आत आडव्या फुगवलेल्या नळ्या असतात त्यांच्याखाली पुढचा पाय, मागचा पाय दुसऱ्या नळीखाली, आणि बसायचं ते आत नव्हे, काठावर. नवीन माणसाला हे पटतच नाही, सगळे घाबरून आत सरकतात, आणि आत सरकलं की वल्हं पाण्यापर्यंत पोहोचत नाही. वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी आकाराची मूठ असते, ती तळहातात झाकूनच धरायची, कधीही सोडायची नाही, कारण लाटेत ती मोकळी मूठ शेजारच्याच्या दातावर बसते. इथे राफ्टिंगमध्ये दात पडतात ते दगडापेक्षा शेजाऱ्याच्या वल्ह्याने जास्त, असं तो म्हणाला. हुकूम थोडेच: फॉरवर्ड, बॅक पॅडल, स्टॉप, गेट डाऊन, आणि एक हाय साइड. हाय साइड म्हणजे राफ्ट एका बाजूने वर उचलली गेली की सगळ्यांनी त्याच वर गेलेल्या बाजूवर अंग टाकायचं. माणसाचं अंग आपोआप उलटं करतं, खालच्या बाजूला घसरतं, आणि राफ्ट उलटते. म्हणून काठावर वाळूतच राफ्ट ठेवून आमच्याकडून ते पाच-सहा वेळा करून घेतलं, बाकीच्या कंपन्यांची पोरं बघून हसत होती.

पाण्यात पडलात तर? पाठीवर व्हायचं, पाय वर, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, आणि पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, म्हणजे दगड आला तर पायाने ढकलता येतो. उभं राहायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, पाणी कमरेएवढं वाटलं तरी. पाय दगडांच्या फटीत अडकला की वरचं पाणी माणसाला पुढे आडवं करतं आणि मग जॅकेट असून उपयोग नसतो. कोलाडला मी हे कधी ऐकलं नव्हतं, आणि तिथे पाणी उथळ असल्यामुळे खरं तर तिथेच ते जास्त सांगायला हवं. राफ्टखाली आलात तर तळाला हात लावत एकाच दिशेने सरकत राहायचं, दिशा बदलायची नाही. आणि पहिल्या रॅपिडच्या आधी, शांत पाण्यात, त्याने सगळ्यांना एकेक करून दोरी धरून पाण्यात उतरवलं. नणंद नाही म्हणाली. तो म्हणाला दीदी, आत्ता माझ्या इच्छेने उतरा, म्हणजे पुढे नदीच्या इच्छेने उतरावं लागलं तर भीती अर्धी झालेली असेल. उतरली. वर आली तेव्हा दात वाजत होते पण तोंडावर हसू होतं.

वरच्या पट्ट्यात पहिले दोन रॅपिड गेले आणि मग शांत पाण्यात तो नदी कशी बघायची ते सांगायला लागला, माझ्यासाठी ट्रिपचा सगळ्यात भारी भाग हा. समुद्रात लाट पुढे जाते आणि पाणी जवळजवळ जागच्या जागी वरखाली होतं. नदीत उलटं. लाट एकाच जागी उभी असते आणि पाणी तिच्यातनं पळत असतं. नदी अरुंद झाली, उतार वाढला, खाली मोठे दगड आले की पाणी वेग घेतं आणि खालच्या संथ पाण्यावर आदळून उभं राहतं, त्या उभ्या लाटा. वरनं बघितलं तर गुळगुळीत पाण्याची एक जीभ दिसते, इंग्रजी व्हीसारखी, टोक खालच्या बाजूला: ती खोल धार, तिथनं जायचं. व्हीचं टोक आपल्याकडे असेल तर त्या टोकावर दगड आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे होल. पाणी मोठ्या दगडावरनं पलीकडे खाली पडतं आणि तिथे वरचं पाणी मागे, दगडाकडे, परत वळतं. त्यात राफ्ट आडवी गेली की तिथेच धरली जाते किंवा उलटते. सरळ गेली आणि वेगात गेली तर फाडून बाहेर पडते.

इथेच मुद्दा येतो जो मला कोणी सांगितला नव्हता. राफ्ट वाहत्या पाण्याच्या वेगानेच जात असेल तर गाइडला ती वळवताच येत नाही. ती पाण्यापेक्षा जोरात तरी जायला हवी नाहीतर हळू तरी. तो जोर आठ प्रवाशांनी लावायचा असतो, मागे बसलेला एक माणूस फक्त दिशा देतो. म्हणजे आपण पैसे भरून बसलोय, आता तो नेईल, असं हे नाहीचे. आपण इंजिन आहोत. आणि लाट अंगावर आली की प्रत्येकाचं वल्हं आपोआप वर जातं, डोळे मिटतात, नेमकं जेव्हा वल्हं पाण्यात पाहिजे तेव्हा ते हवेत असतं. अवघड रॅपिड अवघड होतो तो निम्मा याच्यामुळे.

शिवपुरी आलं आणि गर्दी सुरू झाली. मधला वार होता तरी पंचवीस-तीस राफ्टी आधीच काठाला, शनिवार-रविवारी काय होत असेल देव जाणे. रिटर्न टू सेंडर झाला, बरा होता. रोलर कोस्टर मात्र नावाला जागतो: एकामागोमाग एक उभ्या लाटा, राफ्ट चढते, टोकावर क्षणभर थांबल्यासारखी वाटते, आणि खाली. पहिल्या लाटेत पुढे बसलेला माझा भाचा (याच नणंदेचा मुलगा) पूर्ण दिसेनासा झाला, म्हणजे पाण्याची भिंत आली आणि त्यात तो नव्हताच, मग पाणी ओसरलं तर वल्हं मारतोय. लाटा मोठ्या पण सरळ, त्यामुळे भीतीपेक्षा आरडाओरडा जास्त. इथे सगळे खूष झाले, आणि तिथेच थोडी गडबड झाली कारण दिल्लीच्या भावाला वाटलं आता सगळं जमलं, त्याने हेल्मेटवरचा कॅमेरा काढून हातात घेतला.

गोल्फ कोर्स लांबलचक आहे, एक लाट झाली की संपलं असं नाही, आणि त्यात होल आहेत. वरनं गाइडने राफ्ट कडेला घेतली, मोठ्या दगडाच्या मागे पाणी उलटं फिरतं तिथे थांबवली, इथे पाणी तुम्हाला धरून ठेवतं, श्वास घ्यायला जागा मिळते. आमचा कयाकवाला आधी एकटा खाली गेला, त्याची पिवळी होडी तीनदा पूर्ण नाहीशी झाली आणि तीनदा वर आली, मग खाली कडेला थांबून त्याने वल्हं उभं धरलं: या. गाइड म्हणाला, "जब तक मैं स्टॉप न बोलूँ, कोई नहीं रुकेगा," आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच बदललेला होता.

सुरुवात चांगली झाली. जिभेवर बरोबर आलो, पहिली लाट, दुसरी लाट. तिसऱ्या ठिकाणी डावीकडे होल होतं, मला ते दिसलं, म्हणजे पाणी एकदम खाली जातं आणि पलीकडे पांढरा फेस परत आपल्याकडे येतोय. आम्हाला उजवीकडनं जायचं होतं, फॉरवर्ड फॉरवर्ड चाललेलं, आणि उजवीकडच्या चारातले तीनच वल्हवत होते, चौथ्याच्या एका हातात कॅमेरा. एका माणसाचा जोर कमी झाला तर इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. राफ्टीचं नाक उजवीकडे वळायला लागलं, आणि वळायला लागलं की ते वळतच जातं. होलच्या कडेला आडवी लागलो. डावी बाजू खाली, उजवी बाजू वर, मागनं ओरडा हाय साइड, आणि वाळूतली ती कसरत, जिच्यावर लोक हसत होते, ती अंगाने स्वतःहून केली, मी विचार केलेला नाही, एवढं आठवतं की माझ्या खाली नणंदेचं हेल्मेट होतं. राफ्ट थरथरली, फिरली, आणि सुटली.

भाचा नव्हता. नाशिकला रोज तलावावर पोहणारा, आमच्यातला एकमेव पक्का पोहणारा, तोच बाहेर पडला, आणि पोहता न येणारी नणंद दोन्ही पाय नळीखाली असे अडकवून बसलेली की तिला हलवायला नदीला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. नंतर गाइडने सांगितलं की हे नेहमीचंच, पोहणारे पाय सैल ठेवतात. भाचा दहा-पंधरा सेकंदांनी प्रवाहात पुढे पाण्यावर आला, पाठीवर, पाय वर, शिकवलं होतं तसं, आणि कयाकवाला तिथे आधीच थांबलेला. पोराने कयाकच्या पुढच्या टोकाची दोरी धरली आणि तो त्याला आमच्याकडे घेऊन आला. आत घ्यायचं ते हाताला धरून नाही, जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या दोन्ही हातांनी धरायच्या, एकदा खाली दाबायचं आणि तो वर उसळला की मागे पडायचं, माणूस आपोआप आत. हे कोणी केलं तर माताजींनी. आईनेच ओढून घेतल्यामुळे नंतर तो रात्रभर ऐकत होता.

सेफ्टी कयाक नसता तर? काही झालं नसतं कदाचित, खाली पाणी शांत होतं, दुसरी राफ्ट जवळ होती. पण गार पाण्यात माणूस पहिल्या मिनिटात धापा टाकतो, श्वास त्याच्या हातात राहत नाही, तेव्हा कोणीतरी वीस फुटांवर असणं आणि दोनशे फुटांवर असणं यात फरक आहे. ते जास्तीचे तीनशे रुपये इथे गेले. आमच्याबरोबर खाली आलेल्या कितीतरी राफ्टींबरोबर कयाक नव्हता, हे मी मुद्दाम बघितलं.

पुढचं पटकन. क्लब हाउस मजेशीर, नंतरचे इनिशिएशन, डबल ट्रबल, हिल्टन, टर्मिनेटर हे त्या दिवशीच्या पाण्याला तरी किरकोळ वाटले, किंवा गोल्फ कोर्सनंतर सगळंच किरकोळ वाटतं. मध्ये शांत पाण्यात दोरी धरून तरंगायला मिळतं त्याला बॉडी सर्फिंग म्हणतात, ते करा. खडकावरनं उडी मारायची जागा आहे तिथे रांग होती, आमच्यातला एकच जण गेला. मॅगी पॉइंटवर मॅगी खाल्ली, किमतीबद्दल बोलायचं नाही, ओल्या कपड्यात हुडहुडी भरलेली असताना माणूस कितीही देतो हे त्यांना माहितीये. नदीवर एवढ्या राफ्टी, प्रत्येकीत कोणीतरी गाणी लावलेली वॉटरप्रूफ स्पीकर घेऊन, हे मात्र मला अजिबात आवडलं नाही. रॅपिडच्या वर थांबलेलं असताना खालच्या पाण्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, गाइडचं बोलणं ऐकू आलं पाहिजे.

तक्रारी आहेत. जीप ठरलेल्या वेळेपेक्षा सव्वा तास उशिरा आली आणि बारा जण कोंबून, वर टपावर राफ्ट, तो घाटरस्ता, खरं सांगू तर पाण्यापेक्षा जीपमध्ये मी जास्त देवाचं नाव घेतलं. व्हिडिओचा प्रकार सगळ्यात वैताग: बुकिंगच्या वेळी "व्हिडिओ चाहिए तो ले लेना" एवढंच, आणि संपल्यावर पेनड्राइव्ह समोर धरून आठशे रुपये. घासाघीस करून चारशेला घेतला, बघितला तर गोल्फ कोर्सच्या वेळी लेन्सवर पाण्याचा थेंब, भाचा पडतानाचं सगळं धुरकट. कपडे बदलायला नीम बीचला बायकांसाठी धड जागा नव्हती, ओढणी धरून काम भागवलं. एवढे पैसे दिवसाला गोळा करणाऱ्या धंद्याला कापडाचे चार आडोसे उभे करता येत नाहीत हे पटत नाही. गाइडला मात्र वेगळे पैसे द्या, आम्ही राफ्टतर्फे पाचशे दिले, आणि कयाकवाल्याला विसरू नका, तो राफ्टमध्ये नसल्यामुळे सगळे त्याला विसरतात.

कौडियालाबद्दल विचारणारे असतीलच. दुसऱ्या दिवशी नवरा आणि भाचा (हो, तोच) त्याच गाइडबरोबर गेले, आम्ही बायका त्रिवेणी घाटावर. कौडियालाच्या टप्प्यात डॅनिअल्स डिप आणि त्यानंतर द वॉल हे रॅपिड. द वॉल ग्रेड चारच्या वरचा, या पूर्ण पट्ट्यातला सगळ्यात खतरनाक. नवऱ्याने सांगितलं ते असं की नदी सरळ कड्यावर आदळते आणि कडा ते पाणी तिरकं परत फेकतो, म्हणजे लाट समोरनं न येता बाजूने येते, आणि बाजूने आलेली लाट राफ्टीला पालथी घालते. गाइडने वरच राफ्ट काठाला लावली, सगळ्यांना उतरवून खडकावरनं रॅपिड दाखवला आणि विचारलं कोणाला चालत जायचंय, खाली परत घेतो. दोघं चालत गेले आणि कोणी त्यांना काही बोललं नाही. हे त्या गाइडचं मला सगळ्यात आवडलं. त्यांच्या पुढची राफ्ट उलटली, आठही जण पाण्यात, आणि दोन कयाकवाले आणि आमचा गाइड मिळून त्यांना गोळा करत होते. आमची सुटली, नवरा म्हणतो नशिबाने, भाचा म्हणतो वल्हवण्याने.

तर कोणी जावं. पोहता येत नसेल तरी मरीन ड्राइव्ह किंवा शिवपुरी करा, जॅकेट घट्ट आणि पाय अडकवलेले असतील तर हरकत नाही. कौडियाला मात्र पाण्यात पडल्यावर घाबरत नाही याची खात्री असलेल्यांनीच, आणि एकदा खालचा टप्पा करून झाल्यावर. खांदा निखळण्याचा त्रास असेल, पाठीचं दुखणं असेल, बीपी असेल, गरोदर असाल तर नको. चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, कोणी घेतो म्हणाला तर तिथे तुम्हीसुद्धा बसू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचं बंद असतं. सप्टेंबरच्या शेवटी परत सुरू होतं तेव्हा पाणी भरपूर, मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढतं, गढूळ होतं, आणि चारधामची आणि दिल्लीची गर्दी एकाच रस्त्यावर येते, शिवपुरीला पोहोचायला दोन-तीन तास गेलेले लोक आम्हाला भेटले. फेब्रुवारी-मार्चमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी उत्तम, फक्त पाणी गारठवणारं.

चष्मा असेल तर दोरी बांधा, आमच्या राफ्टमधला एक चष्मा गंगेला वाहिला. स्लिपर घालून येऊ नका, मागे पट्टा असलेल्या सॅंडल किंवा जुने बूट. जीन्स नको, वाळतच नाही. विमानाने येणार असाल तर देहरादूनचं जॉली ग्रँट विमानतळ ऋषिकेशपासून वीसेक किलोमीटरच आहे, पण उतरल्या दिवशी संध्याकाळची शेवटची राफ्ट पकडायच्या नादाला लागू नका. चारनंतर ऊन डोंगराआड जातं, गाइड दिवसभर ओरडून दमलेले असतात, आणि शिकवणं पाच मिनिटांत उरकतात. सकाळची नऊची बॅच मागा, आणि त्यांनी "सब बॅच सेम है" म्हटलं तर शेजारच्या दुकानात जा.